आधीचा खटाटोप की नंतरची सारवासारव?



दिवाळीचा कार्यक्रम जवळ आला की आपल्या कार्यकारिणीत एक तरी खडाजंगी व्हायचीच. कधी श्रीखंड विकतचे की घरचे यावरून, कधी नाटकाला माइक किती यावरून. यंदा ती कुटुंबांच्या फोटोंवरून झाली आणि साडेनऊला संपायची बैठक पावणेबारापर्यंत चालली. घरी पोचल्यावर "फोटोवरून?" एवढा एकच प्रश्न आम्हाला विचारण्यात आला. त्याचे उत्तर त्या वेळी धड देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जे सभासद बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात हकिकत. गेल्या वर्षी शाळेच्या कॅफेटेरियाच्या कोपऱ्यात आपण वाड्याचा देखावा उभारला होता. फ्रिजच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे खांब, मधोमध मराठी शाळेच्या मुलांनी रंगवलेले तुळशीवृंदावन, दोन समया (फायर अलार्मच्या धाकाने बॅटरीच्या वातींच्या) आणि भाड्याने आणलेले तीन दिवे. खर्च १८० डॉलर, सहा स्वयंसेवकांचा अख्खा शनिवार, आणि रांग एवढी की शेवटच्या दोन कुटुंबांच्या वाट्याला गार पुऱ्या आल्या. यंदा सूचना आली की हा खटाटोप बंद करावा. भिंतीसमोर उभे करून फोनवर पटापट फोटो घ्यावेत, बाकीचे नंतर कॉम्प्युटरवर निस्तरावे. मागे शनिवारवाडा हवा तर शनिवारवाडा, नायगारा हवा तर नायगारा. कोणी डोळे मिटले असतील तर ते उघडता येतात. कोणी आलेच नसेल तर आणून बसवता येते. २०२४ पासून तर काही फोनांत खुद्द फोटो काढणाऱ्यालाही मागाहून चित्रात उभे करण्याची सोय झाली आहे.

सूचना मांडणाऱ्यांना आम्ही मुळीच दोष देत नाही. कारण दोन वर्षांपूर्वी हीच सूचना आम्ही मांडली होती, गोड बोलून मंजूर करून घेतली होती आणि स्वतः अमलातही आणली होती. त्या वर्षी काय झाले ते पुढे सांगणारच आहोत. आधी मुद्द्याचे दोन शब्द.

पहिला मुद्दा अगदी स्वयंपाकघरातला आहे. आमटी अळणी झाली तर पानात मीठ घेता येते. खारट झाली तर बटाटा टाकतात, थोडाफार उपयोग होतो. पण आमटी करपली तर? तिला कोणी कितीही फोडणी दिली तरी वास जात नाही. फोटोचे तसेच आहे. डिजिटल फोटो थोडा काळपट आला तर नंतर उजळता येतो, मात्र त्यात वाळूसारखे दाणे दिसू लागतात. पण जिथे प्रकाश जास्त होऊन पांढरा फटक ठिपका पडला, उदाहरणार्थ पैठणीच्या जरीवर किंवा काकांच्या टकलावर, तिथे कॅमेऱ्याने काही नोंदवलेलेच नसते. नसलेले परत आणणार कुठून? मग कॉम्प्युटर शेजारचे पाहून अंदाजाने भरतो. तो अंदाज आजकाल इतका बेमालूम असतो की जर विणली गेली ती येवल्यात की त्या यंत्रात, हे ओळखू येत नाही.

कॅफेटेरियात आणखी एक भानगड आहे. एका बाजूने खिडकीतला निळसर उजेड, वरून ट्यूबचा हिरवट-पिवळा. ट्यूबचा रंग काढायला जावे तर खिडकीकडचा गाल निळा पडतो, निळा काढावा तर दुसरा गाल कावीळ झाल्यासारखा. यावर आम्ही एका रात्री चार तास घालवले आहेत. खिडकीचा पडदा ओढून, वरच्या ट्यूब बंद करून आपले दोन दिवे लावले असते तर हे काम चार मिनिटांचे होते.

आता आपण राहतो त्या रॉचेस्टर गावाला तरी या विषयाचे वावडे असू नये. फिल्मचा धंदा इथून जगभर गेला. १९२० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत शेपर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले की फिल्मच्या जिलेटिनमध्ये मोहरीतल्या तिखट तेलाचा सूक्ष्म अंश असेल तर फिल्म प्रकाशाला जास्त दाद देते. गाईंनी मोहरी खाल्लेली असायची, तिचा अंश त्यांच्यापासून केलेल्या जिलेटिनमध्ये उतरायचा. (जिलेटिन कशाचे करतात ते आमच्या आजीला शेवटपर्यंत सांगितले नाही. देव्हाऱ्याशेजारी आजोबांचा फोटो होता.) अब्जावधी कणांच्या एका स्फटिकात चांदीचे चारेक अणू सुटे झाले की पुढे रसायनात बुडवल्यावर तो अख्खा स्फटिक काळा होतो. पण ते चारेक अणू त्या क्षणी, त्या माणसावरून आलेल्या प्रकाशानेच सुटावे लागतात. एक रसायनशास्त्रज्ञ म्हणून आम्हाला फोटोचे जे काही अप्रूप आहे ते एवढ्याचेच आहे.

आणि खटाटोपाची परंपराही इथलीच. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे कोडॅकची 'कलोरामा' नावाची चित्रे लागत असत. १८ फूट उंच, ६० फूट लांब, मागून दिवे लावलेली. सुटीवर निघालेले कुटुंब, तळ्याकाठची सहल, नाताळचे घर, आणि पुष्कळदा चित्रातच कोणीतरी कॅमेरा डोळ्याला लावून उभे. सगळे ठरवून, मांडून, कपड्यांचे रंग जुळवून केलेले. आपल्या पुठ्ठ्याच्या वाड्याला हसणाऱ्यांनी ही चित्रे जरूर आठवावीत. मात्र बहुतेक चित्रांतली कुटुंबे गोरीच असत, हेही आठवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

खटाटोप आणि सारवासारव यांत पूर्वी वैर नव्हतेच. १९४८ साली फिलीप हाल्समन याने साल्वादोर दाली या चित्रकाराचा फोटो काढला. दाली हवेत, तीन मांजरे हवेत, बादलीभर पाणी हवेत. चित्रे तारांनी टांगलेली, खुर्ची बायकोने उचलून धरलेली. पंचवीसहून अधिक वेळा मांजरे फेकली, पाणी उडवले, दाली उडी मारून मारून दमला. (मांजरांचे मत कोणी विचारले नसावे.) मग अंधाऱ्या खोलीत तारा आणि धरणारे हात पुसले आणि रिकाम्या चौकटीत एक चित्र भरले. पाणी उडाले ते खरेच उडाले, तारा मात्र पुसल्या. आणि आज तो न पुसलेला फोटोही पाहायला मिळतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे तरी काय वेगळे होते? गावच्या फोटो स्टुडिओत रंगवलेला पडदा असायचा, त्यावर संगमरवरी जिना आणि मागे धबधबा. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढत. स्टुडिओतले मामा निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने 'टचिंग' करत, देवीचे वण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवत. लग्नाच्या मुलीचा फोटो असेल तर एक रंग उजळ. गव्हाळ मुलगी फोटोत गोरी व्हायची आणि पाहायला आलेली मंडळी प्रत्यक्षात बघून खिडकीबाहेर बघू लागायची. आपल्यापैकी किती घरांत अशी एखादी मावशी किंवा आत्या आहे, ज्यांनी हे भोगले आहे, ते आम्ही विचारत नाही.

त्या पेन्सिलीचे काम आता बटण करते. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या फोटोंत 'आपोआप सुधारणा' या बटणाने चेहरे उजळले आणि गुळगुळीत केले. आमच्या लक्षातही आले नाही. लक्षात आले ते एका सातवीतल्या मुलीच्या. तिने फोटोशेजारी आपला हात धरून आईला इंग्रजीत विचारले, की काकांना माझा रंग आवडत नाही का? तिच्या आईने हसत हसत आम्हाला सांगितले. आम्हाला हसू आले नाही.

यंत्राला दोष देऊन सुटका होणार नाही, आणि 'मूळ फोटो तेवढा खरा' म्हणूनही नाही. कोडॅकच्या जमान्यात फोटो छापताना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचे कार्ड असे. त्यावर एका गोऱ्या बाईचे चित्र, कार्डाला नाव 'शर्ली'. तिची कातडी नीट आली की यंत्र बरोबर लागले असे समजत. आपल्यासारख्यांचे चेहरे मग येतील तसे. फिल्म गडद रंगांना नीट दाद देईना म्हणून तक्रार केली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातवाल्यांनी, तेव्हा कुठे हालचाल झाली. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड निघायला १९९० चे दशक उजाडले. तात्पर्य, यंत्राला आपला रंग शिकवावा लागतो. त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भरपूर आणि मऊ उजेड. पांढऱ्या चादरीतून गाळलेला एक दिवा, समोरून उजेड परतवायला पांढरा फोम बोर्ड (तिकडे स्टुडिओत थर्माकोल धरतात तसा), एवढ्यावर गव्हाळ गव्हाळ दिसतो, सावळा सावळा दिसतो आणि दोन्ही तजेलदार. मग नंतर उजळायची वेळच येत नाही.

आता ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संबंधित कुटुंबाची परवानगी घेऊन लिहीत आहोत, नाव अर्थातच नाही.

त्या दिवाळीला एक आजी आल्या होत्या. व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर ते छोटे यंत्र. जांभळी नऊवारी, सुनेने अर्धा तास खपून नेसवलेली. रांग मोठी होती. भिंतीसमोर उभे करा, क्लिक, पुढचे या, असा आमचा खाक्या. आजींच्या कुटुंबाला दोन मिनिटेही मिळाली नसतील. रात्री घरी बसून आम्ही फोटो 'करायला' घेतले. आजींची नळी पुसली. व्हीलचेअरची चाके पुसून साधी खुर्ची केली. यंत्र पुसले. कपाळावरच्या आठ्या थोड्या कमी केल्या. कोणी सांगितले नव्हते. आम्हाला वाटले, त्यांना आवडेल. आणि आवडलेही. ज्याने त्याने म्हटले, आजी दहा वर्षांनी लहान झाल्या. आमच्या कौतुकाचे चार फोन आले.

आजी फेब्रुवारीत गेल्या. मार्चमध्ये त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. चहा झाला, इकडचे तिकडचे झाले, मग म्हणाला, "तो मूळचा फोटो असेल ना तुमच्याकडे? तुम्ही काही करायच्या आधीचा?" आम्ही विचारले, का हो, हा नीट नाही का? तो म्हणाला, "हा छानच आहे. पण त्यात तिची मूठ बघा."

आम्ही मूठ पाहिली. आजींच्या शेजारी उभी असलेली सात वर्षांची नात, तिचा उजवा हात कोपरात वाकलेला, मूठ घट्ट मिटलेली, मुठीत काहीच नाही. तेव्हा कळले. ती नळी धरून उभी होती. आजीच्या नळीवर कोणाचा पाय पडू नये, ती कुठे ओढली जाऊ नये, म्हणून त्या घरात वर्षभर तो तिचा मान होता. ते काम ती कोणाला करू देत नसे, आजोबांनासुद्धा नाही. नळी पुसली तेव्हा आम्ही तेवढीच नळी पुसली असे आम्हाला वाटले होते.

मूळ फोटो आमच्याकडे नव्हता. त्याच फाइलवर सेव्ह केले होते, फोन नंतर बदलला होता. सगळे शोधले. मुलगा जाताना दारात म्हणाला, "तुम्ही चांगल्याच हेतूने केलंत हो." ते ऐकून जास्त वाईट वाटले.

ज्या माणसाने पीएच.डी. साठी पाच वर्षे प्रयोगवह्या भरल्या, त्याने हे करावे याची लाज वेगळीच आहे. प्रयोगवहीत चूक झाली तर पांढरा रंग फासायचा नाही, पान फाडायचे नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही व तारीख. हे आम्ही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बजावतो. शास्त्रीय नियतकालिकांनाही याचा ताप झालाच. पेशीजीवशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकाने २००२ पासून छापायला आलेली चित्रे तपासायला सुरुवात केली. त्यांचा नियम साधा आहे. अख्ख्या चित्राचा उजेड कमीजास्त करा, चालेल. चित्रातली एखादीच गोष्ट उठवायची, दाबायची, पुसायची किंवा आणून बसवायची, हे चालणार नाही. आणि मूळ चित्र मागितले तर दाखवता आले पाहिजे.

बैठकीत एका वहिनींनी आम्हाला बरोबर अडवले. म्हणाल्या, पुठ्ठ्याचा वाडा तरी कुठे खरा आहे? आपल्या मुलांनी वाडा पाहिलेला नाही, आपल्यापैकी निम्मे फ्लॅटमध्ये वाढलेले. मग वाड्यात बसून फोटो काढणे हे खोटे नाही आणि नळी पुसली तर खोटे, हा न्याय कुठला? प्रश्न चोख आहे. आमचे उत्तर असे की पुठ्ठ्याचा वाडा कोणालाही फसवत नाही. तो सगळ्यांच्या देखत उभा राहतो. ज्याला त्यात बसायचे नाही तो बसत नाही. गेल्या वर्षी एका आजोबांनी साफ सांगितले की आम्ही चाळीतली माणसे, आम्हाला वाडाबिडा नको, आणि ते कॉफीच्या भांड्याशेजारी उभे राहिले. त्यांचा फोटो सर्वांत झकास आला. मुलांना ठाऊक असते की वृंदावन आपण रंगवले, खाली अजून फ्रिजच्या कंपनीचे नाव दिसते. नंतरची सारवासारव मात्र एक माणूस रात्री एकटा बसून करतो. फोटोतल्या माणसांना कोणी विचारत नाही. आजींना आम्ही विचारले असते तर त्या कदाचित म्हणाल्याही असत्या, काढ बाबा ती नळी. मग आमची तक्रार नव्हती. आधी नळी दोन मिनिटे बाजूला ठेवता आली असती का, हे त्यांनी आणि सुनेने ठरवले असते. नातीनेही.

त्याच बैठकीत दुसरी बाजूही पुढे आली, आणि ती आम्हाला मोडवत नाही. एका कुटुंबातल्या आजीआजोबांना व्हिसा मिळाला नाही. नातवाच्या बारशाच्या फोटोत त्यांना पुण्याहून पाठवलेल्या फोटोवरून आणून बसवले आहे. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे. नवराबायकोचा एकत्र फोटो कधी काढलाच नाही आणि एक जण गेला, तर स्टुडिओवाला दोन फोटोंचा एक करून देई आणि तोच भिंतीवर लागे. असल्या फोटोला खोटा म्हणायची आमची छाती नाही. फक्त मागे पेन्सिलीने एवढे लिहावे की हा जोडफोटो आहे, कोण प्रत्यक्ष होते, कोण नव्हते, आणि का नव्हते. पन्नास वर्षांनी तो नातू फोटो पालथा करील तेव्हा त्याला व्हिसाची हकिकतही कळेल.

मग आम्हाला हवे तरी काय? वाडा हवाच असा आमचा हट्ट नाही. गेल्या वर्षीचे १८० डॉलर आणि गार पुऱ्या दोन्ही आम्हाला मान्य आहेत. वाड्याऐवजी एकरंगी जुनी साडी ताणून बांधली तरी पुरे, मुलांना काही रंगवायचेच असेल तर त्यांनी खुशाल रंगवावे. पण उजेड हवा, आणि प्रत्येक कुटुंबाला पाच मिनिटे हवीत. त्यासाठी फोटो जेवणानंतर न ठेवता दुपारी दोनपासून चिठ्ठ्या देऊन वेळा ठरवाव्यात. नोव्हेंबरात घड्याळे मागे गेली की पाचला अंधार पडतो, तेव्हा खिडकीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. व्हीलचेअर, वॉकर, काठी यांच्यासाठी जागा आधीच मोकळी ठेवावी. फोटो झाल्यावर मंडळाने अख्ख्या चित्राचा उजेड आणि रंग तेवढा सारखा करावा, याहून जास्त काही करायचे असेल तर कुटुंबाने लेखी सांगावे. आणि प्रत्येक मूळ फोटोची एक प्रत मंडळाच्या कपाटात, वेगळ्या डिस्कवर, कोणी हात न लावता राहावी. कपाटाची किल्ली आमच्याकडे नको.

हे सगळे पत्रकात लिहिण्यातली गंमत आम्हाला कळते. आपले पत्रक अजून झेरॉक्सवर निघते, त्यात कोणाचाही फोटो छापला तरी सगळे सारखेच काळे आणि सगळे कोणाचे तरी मेहुणे दिसतात. झेरॉक्सही याच गावच्या कंपनीने १९५९ साली बाजारात आणले, तेव्हा तक्रार घरातच राहिली.

कार्यकारिणीचा निर्णय पुढच्या रविवारच्या बैठकीत होईल. आमची सूचना मंजूर झाली तर कार्यक्रमाच्या शनिवारी सकाळी नऊला कॅफेटेरियात चार जण लागतील. दोन पांढऱ्या, बिननक्षीच्या, इस्त्री केलेल्या चादरी हव्यात (मागच्या खेपेस आलेल्या एका चादरीवर मिकी माऊस होता), सेफ्टी पिना, लांब एक्स्टेन्शन वायर आणि ज्यांच्याकडे मोठी गाडी असेल त्यांनी दिव्यांचे स्टँड आणायची जबाबदारी घ्यावी. त्या सात वर्षांच्या, आता नऊच्या झालेल्या नातीने फोम बोर्ड धरायला येते असे कळवले आहे.